पहिला मांडव आपल्याच हॉलात

७ मे २०१९, मंगळवार

आज अक्षयतृतीया. आज माझ्या पोरीचं लग्न होतं. होतं!

सकाळपासून हायवेवरून वऱ्हाडाच्या गाड्या चाललेल्या. बघायचं नाही म्हटलं तरी कान तिकडंच. आमच्या घरात आमरस आणि सामसूम. हे दोन वाट्या रस पिऊन हॉटेलच्या कामावर निघाले. जाताना मला काय म्हणावं — "आज कंपाउंडचा दगड येणार हाय." पोरीच्या लग्नाच्या दिवशी कंपाउंडचा दगड! मी म्हटलं, एक घरीपण आणा, माझ्या डोक्यात घालायला. ऐकून न ऐकल्यासारखं करून गाडी काढली. सुभेदार म्हणून रिटायर झालेला माणूस. अठ्ठावीस वर्षं साहेबांच्या ऑर्डरी ऐकल्या, बायकोचं ऐकायचं म्हटलं की कान बंद.

वही नवी आहे, तर एकदा सगळं ओकून टाकते. वीस जानेवारीला संयोगिताचा साखरपुडा झाला. सांगलीचं स्थळ, शालनचा साईराज. शालन म्हणजे माझी रहिमतपूरची मैत्रीण, शाळेत एका बाकावर बसलेलो आम्ही. ही सोयरीक मी जोडली. मीच! बोलणी माझी, याद्या माझ्या, सांगलीचं कार्यालयसुद्धा मी पसंत केलेलं. आणि साखरपुड्याला आठ दिवस झाले नाहीत तोवर ह्यांच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. शालनच्या मालकांना, आप्पासाहेबांना, परस्पर फोन. "पाव्हणं, एकुलती एक लेक हाय माजी. पहिला मांडव आपल्याच हॉटेलच्या हॉलात पडंल. दुसरीकडं न्हाई." मला विचारलं? छे!

पाव्हणे पण खूश. वाट बघू म्हणाले. सुनेच्या बापाचं स्वतःचं हॉटेल, आणि तिथं पहिलं लग्न आपल्या पोराचं — कोण नको म्हणेल? आणि ते हॉटेल आहे कुठं? तीन मजले उभे, दारं नाहीत, खिडक्या नाहीत, हॉलला छत नाही. म्हणजे स्लॅब आहे, पण खालून नुसत्या वायरी लोंबतायत. बोर्ड तेवढा तयार आहे. "हॉटेल सुभेदार". नाव सुभेदाराचं, अवस्था शिपायाची.

१९ मे, रविवार

संयोगिता फार गुणाची आहे. लग्न पुढं गेलं तर एखादी रडली असती, रुसली असती. ही गेली आणि क्लिनिकसाठी दुसरा बेड घेऊन आली! फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे तिचं, राजवाड्याजवळ, एका खोलीचं. म्हातारी माणसं गुडघे धरून येतात आणि हसत जातात. मी म्हटलं, अगं, लग्न झाल्यावर सांगलीला जाणार तू, हे बेड कुणासाठी? म्हणाली, "आई, बाबांचं हॉटेल होईपर्यंत दहा बेड होतील माझे." आणि खो खो हसली. बापाची चेष्टा करून स्वतःचं दुःख लपवते पोर. मला कळतं ते.

३ जून, सोमवार

पुण्याच्या कंपनीनं हात वर केले. तीच — जिचं नाव आमच्या हॉटेलला लागणार होतं. वर त्यांचं नाव, खाली बारीक अक्षरात सुभेदार, बत्तीस खोल्या, त्यांचीच माणसं, त्यांचीच बुकिंगं. फोनवर कुणी बाई होती, गोड बोलली म्हणे. सध्या नवीन हॉटेलं घेत नाही, साताऱ्यात तर नाहीच, परिस्थिती सुधारली की बघू.

परिस्थिती, परिस्थिती! गेल्या वर्षी ह्याच लोकांनी येऊन ह्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. हायवे सहापदरी, एमआयडीसी वाढणार, महाबळेश्वर-कासची गर्दी, खोल्या कमी पडतील तुम्हाला. मग मुंबईत कुठली तरी मोठी फायनान्स कंपनी बुडाली, तिच्या धक्क्यानं आमच्या फायनान्सवाल्यानं दिवाळीपासून हात आखडला. फाइल वर गेलीय म्हणतो. ती फाइल बहुतेक अजिंक्यताऱ्यावर गेली. परवा तो घरी आला तेव्हा मी त्याला चहा दिला आणि चार शब्दही दिले. बिचारा बिस्किट तसंच ठेवून उठला. संयोगिता म्हणाली, "आई, तू बोलायला लागलीस की समोरच्याला जागा सापडत नाही गं लपायला." मी म्हटलं, मी खरं बोलते, ज्याला टोचतं त्याचं तो बघेल.

२८ जून, शुक्रवार

आता चातुर्मास लागेल. मुहूर्त नाही, थेट तुळशीच्या लग्नानंतर.

साईटवर गेले होते. सुलाबाई राखणीला असते तिथं, नवऱ्यासकट. पूर्वी दिवसभर भिंतींवर पाणी मारायची, आता पाणी मारायला भिंतच नवी होत नाही. लिफ्टच्या खोक्यावर बसून शेंगा फोडत होती. लिफ्ट खोक्यातच आहे सहा महिने. म्हणाली, "वैनीसाब, लय दिस झालं गवंड्याचं त्वांड बगून. पर मालक रोज येत्यात. येत्यात, हॉलात हुबं ऱ्हात्यात, वर बगत्यात आन् जात्यात." 

इंजिनिअर महेंद्र भेटला. चांगला मुलगा आहे, खोटं बोलायला जमत नाही त्याला. पगार थकलेला तरी आठवड्यातून दोनदा येतो. मी सरळ विचारलं, खोल्या जाऊ देत मसणात, नुसता हॉल करायचा तर किती दिवस? म्हणाला, "काकू, दोन महिने. जे सामान पडून आहे त्यातच ऐंशी टक्के होतंय. मी साहेबांना तीनदा सांगितलं — हॉल आधी करू, लग्नं घेऊ, त्यावर हॉटेल जगेल. साहेब म्हणतात, आधी कंपाउंड, मग पाण्याची टाकी, मग बघू."

घरी येऊन मी तोंड सोडलं. हे शांतपणे म्हणाले, "कंपाउंड न्हाई तर सिक्युरिटी न्हाई." कसली सिक्युरिटी? सुलाबाईच्या शेंगा कोण चोरतंय?

९ ऑगस्ट, शुक्रवार

सांगलीत पाणी. टीव्ही बघवत नाही. शालनचा फोन दोन दिवस लागत नाही. हे सकाळी ट्रकमध्ये तांदूळ, पाणी, चादरी भरून चार रिटायर फौजींबरोबर निघाले. हॉटेलच्या खोल्यांसाठी आलेल्या गाद्या, प्लास्टिकसुद्धा न काढलेल्या, सगळ्या उचलून नेल्या. मी काही बोलले नाही. ह्या बाबतीत माणूस सोन्यासारखा आहे, हे लिहून ठेवते. एरवी लिहायची वेळ येत नाही.

२० ऑगस्ट, मंगळवार

सांगलीला जाऊन आले. संयोगिता आली नाही, पेशंट आहेत म्हणाली. शालनचं घर विश्रामबागला, त्यामुळे घर वाचलं. पण दुचाकीचं शोरूम गावात. घोट्याइतका चिखल. साईराज गमबूट घालून उभा होता. "आधीच गाड्या उठत नव्हत्या मावशी, आता बुडलेल्या कोण घेणार?" म्हणाला. जीव तुटला माझा. दिवसाला दहा गाड्या खपायच्या, आता आठवड्याला दोन. मंदी सगळ्यांच्याच घरात शिरलीय, त्यांच्याकडं पाण्याबरोबर शिरली.

शालन चिखलातही शालनच. म्हणाली, "विजे, हे सगळं आवरलं की पोरं एकत्र बघू दे बाई. संयोगिता आली की शोरूमचा काउंटर तिनंच बघायचा. सांगलीत कशाला गं ते क्लिनिक आन् फिनिक? लोकांचे पाय चोळत बसायचे?" साईराज पण म्हणाला, मी तिला पहिल्याच भेटीत सांगितलंय, आमच्याकडं बाहेरचं काम चालत नाही. स्पष्ट बोलतो पोरगा, मला आवडलं. आणि खरंच आहे, स्वतःचा धंदा असताना दुसऱ्याचे गुडघे कशाला?

घरी येऊन संयोगिताला सांगितलं. "बरं," म्हणाली. नुसतं बरं. बाप लेकीकडं बघत होता, लेक ताटाकडं.

८ ऑक्टोबर, मंगळवार — दसरा

हॉटेलच्या चौकटीला झेंडू बांधला. चौकट आहे, दार नाही.

परतताना ह्यांनी गावातून गाडी फिरवली. मुद्दाम दाखवायला — बघ, मी एकटाच नाही! बसस्टँडमागं पाच मजली सांगाडा, हिरवी जाळी फाटून लोंबतेय. मोळाचा ओढा ओलांडल्यावर एक, त्याच्या तळमजल्यात फटाक्यांचा स्टॉल लागलाय. कासच्या रस्त्याला जे रिसॉर्ट होणार होतं तिथं फक्त कमान. कमानीखाली म्हशी. दोन वर्षांपूर्वी ज्याच्या त्याच्या तोंडात हॉटेल. शेत विकलं, हॉटेल. नुकसानभरपाई मिळाली, हॉटेल. एमआयडीसीत आता कंपन्या महिन्यातून पंधरा दिवस चालतात, पोरं घरी बसलीत, पुण्याचे साहेब येणार कुठून आणि ह्यांच्या खोल्यांत झोपणार कोण! हे म्हणाले, "समद्यांचंच अडकलंय, ऐकलंस का. दुनियेची मंदी हाय, मी काय करू?" हे म्हणताना आवाजात दुःख पाहिजे की नको? माणूस निवांत! जणू मंदी ह्यांची मावसबहीण आहे, आलीय तर राहू दे चार दिवस.

संध्याकाळी सोनं द्यायला एक जण आले. बिरदेव नाव, कवठेमहांकाळकडचे, केटरिंगचा मोठा धंदा. सांगली-मिरजेत दोन कार्यालयं चालवतात. सरळ माणूस. म्हणाले, "सायेब, खोल्यांचं सपान सोडा. मंदीत लोक हॉटेलात ऱ्हाणार न्हाईत, पर लगीन कुणाचं थांबत न्हाई. हॉल माज्या खर्चानं पुरा करतो, पाच वर्सं मला चालवायला द्या." 

मला वाटलं देव आला दारात! आणि ह्यांनी काय करावं? "ते हॉटेल हाय, मंगल कार्यालय न्हवं," म्हणून त्यांना आपट्याची पानं देऊन वाटेला लावलं.

२८ ऑक्टोबर, सोमवार — पाडवा

ओवाळलं नाही. पाटावर बसले होते, बसू दिलं.

काल कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, बिरदेवना हो म्हणा, दोन महिन्यांत हॉल होईल, डिसेंबरात पोरगी उजवू. नाही. मग सांगलीच्या कार्यालयात करू. नाही. मग साताऱ्यात दुसरं बघू. नाही! "शब्द दिलाय पाव्हण्यांला. आपल्याच हॉलात." मी म्हटलं, मग हॉल करा! तर म्हणे, "व्हईल. घाई कशाला?" घाई! सव्वीस संपलं तिचं.

मी शेवटचं सांगितलं. माझ्या शालनला मी तोंड दाखवू शकले नाही तर लक्षात ठेवा. धाकट्या जावेच्या अंकितानं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा चार वर्षं मी त्या घरचं पाणी प्यायले नाही. अजून पीत नाही. पोरीच्या लहरीपायी दोन घराण्यांची शोभा! मी तसली बाई नाही, आणि माझ्या घरात तसलं चालणार नाही. हे सगळं मी ओसरीत उभं राहून बोलले, शेजारी ऐकू दे की. संयोगिता जिन्यात उभी होती. ती वर गेली. लग्न लांबतंय म्हणून मन खट्टू झालं असणार, दुसरं काय.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

तुळशीचं लग्न लागलं. तिचं तरी लागलं.

५ डिसेंबर, गुरुवार

शालनचा फोन. आवाज नेहमीचा नाही. "विजे, फेब्रुवारीच्या पुढं आमी थांबणार न्हाई. आमच्यात लोक विचाराय लागलेत, पोरात काय खोट हाय का म्हणून. हॉल असू दे न्हाई तर मांडव असू दे. मोडायचं असंल तर तसं सांग." मोडायचं! मी चाळीस वर्षांची मैत्री पदरात धरून बसलेय आणि ही मला मोडायचं विचारते. फोन ठेवल्यावर अर्धा तास हुंदके. माझ्यासारखी बाई रडली!

हे आतून ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, "मोडतो म्हणत असतील तर मोडू द्यात. त्यांनी मोडलं तर आपला शब्द जात न्हाई." मी तांब्या फेकला. लागला नाही. नेम चुकला माझा.

९ डिसेंबर, सोमवार

केलं. आज मी केलं!

हॉटेलची जमीन माझ्या नावावर आहे. घेतली तेव्हा हे जम्मूला, सही करायला मी. तेव्हापासून सातबाऱ्यावर विजयमाला हंबीरराव. ह्यांना त्याचा विसर पडलेला, मला नव्हता. हे आज कुंडलला गेलेत, बरोबरच्या फौजीच्या पोराची वास्तुशांत. मी महेंद्रला बोलावलं, बिरदेवना बोलावलं, वकिलांच्या ऑफिसात गेले आणि कराराच्या प्रत्येक पानावर सही केली. पाच वर्षं हॉल त्यांचा, पण पहिलं लग्न माझ्या पोरीचं, हे कलम मी स्वतः घालून घेतलं. सोळा फेब्रुवारी, रविवार. मुहूर्तपण काढून ठेवला.

महेंद्र म्हणाला, "काकू, साहेबांना एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं." मी म्हटलं, वर्षभर त्यांनाच विचारतेय बाळा. आता सही विचारेल.

शालनला फोन केला. ती पण रडली, मी पण. मग दोघी हसलो. रहिमतपूरच्या शाळेतल्यासारखं बरं वाटलं.

११ डिसेंबर, बुधवार

हे काल आले. सांगितलं. मला वाटलं आकाशपाताळ एक करतील. मी तयारीत होते, उत्तरं पाठ केलेली. पण ह्यांनी कराराचा कागद घेतला, उभ्यानं वाचला आणि चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "सोळा तारीख पण टाकलीस व्हय यात?" एवढंच. चपला घालून बाहेर गेले.

पुरुषाचा अहंकार दुखावला की असंच होतं. दुखू दे.

१५ जानेवारी २०२०, बुधवार — संक्रांत

काय काम चाललंय! बिरदेवचा माणूस म्हणजे घोडा. छत झालं, फरशी झाली, रंगाचा दुसरा हात. आमच्या सुभेदारांच्या वर्षभराच्या कंपाउंडपेक्षा बिरदेवचा महिना भारी. सुलाबाई भेटली, "वैनीसाब, आता कसं जितं झाल्यागत वाटतंय बगा." शेजारचा पडलेला ढाबापण पुन्हा सुरू करणार म्हणे, लग्नांच्या गर्दीवर. मंदीला कोणी तरी असं खांद्याला धरून हलवायला पाहिजे होतं. वर खोल्यांत अंधारच आहे, बत्तीसच्या बत्तीस रिकाम्या. पण तो विचार मी आज करणार नाही.

तिळगूळ द्यायला संयोगिताच्या क्लिनिकवर गेले. तिसरा बेड आलाय. सांगितलं, अगं आता विकून टाक हे, महिना राहिला. म्हणाली, "हो." खूप बारीक झालीय. जेवणात लक्ष नाही, चपाती अर्धीच खाते. लग्नाआधी बारीक व्हायचं खूळ आहे हल्लीच्या पोरींत. मी म्हटलं, साडी अंगावर बसली पाहिजे, हाडांवर नाही. तर एकदम गळ्यात पडली माझ्या. सासरी जायचं म्हटलं की येतंच भरून. माझेपण डोळे भरले.

२ फेब्रुवारी, रविवार

हॉल झाला.

आज सगळे दिवे लावून बघितले. बिरदेव, महेंद्र, सुलाबाई, आम्ही तिघं. चारशे खुर्च्या, लाल पडदे, स्टेजवर सोनेरी महिरप. झगमगाट! एवढं सगळं मी केलं. मी, बारावी झालेल्या बाईनं. पुण्याच्या कंपनीला जमलं नाही, फायनान्सवाल्याला जमलं नाही, आमच्या सुभेदारसाहेबांना तर जमायचा प्रश्नच नव्हता. मी ते बोलूनपण दाखवलं, सगळ्यांसमोर. का नाही बोलायचं? "बघा," म्हटलं, "वर्षभर ह्या माणसानं दगड लावले आणि टाकी बांधली. दोन महिन्यांचं काम होतं!" 

बिरदेव हसले. महेंद्र खाली बघत राहिला. हे शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर, पाहुण्यासारखे. संयोगिता त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. उद्यापासून पत्रिका वाटायच्या. पहिली कुलदैवताला, दुसरी शालनला, मी स्वतः घेऊन जाणार सांगलीला.

५ फेब्रुवारी, बुधवार

पत्रिकांचा गठ्ठा पिशवीत भरत होते. सांगलीची गाडी दहाची. हे समोर येऊन बसले. म्हणाले, "विजे, पोरीला नको हाय ते लगीन. साखरपुड्यानंतर चौथ्या दिवशी मला सांगितलं तिनं. म्हणून हॉलाचं काढलं मी. म्हटलं तेवढाच येळ मिळंल, पाव्हणं कटाळून सोडतील. मंदी आली, मला देवच पावल्यागत झालं. हॉल केला असता तर हॉटेल जगलं असतं, कळत हुतं मला. न्हाई केला."

मला का नाही सांगितलं, विचारलं. ओरडले नाही मी. खरंच नाही ओरडले.

"भ्यालो," म्हणाले. "दोघं बी."

सियाचिनला दोन हिवाळे काढलेला माणूस मला भ्याला. आणि माझ्या पोटची पोर.

दहाची गाडी गेली. पिशवी दारात तशीच आहे. संयोगिता क्लिनिकवरून दुपारी एकला येईल, तोवर शालनला फोन करायचाय. ती विचारेल का म्हणून, आणि मला सांगावं लागेल की वर्षभरात पोरीला मी एकदाही विचारलं नव्हतं.